‘संशोधन’ या शब्दाची विचारपूस

पेट, नेट किंवा सेटची तयारी करत असाल तर एक वाक्य तुमच्या डोळ्यांखालून नक्की गेलं असेल. री म्हणजे पुन्हा, सर्च म्हणजे शोधणे, म्हणून रिसर्च म्हणजे पुन्हा पुन्हा शोधणे. संशोधन पद्धतीच्या गाईडमध्ये ते पहिल्याच प्रकरणात असतं, कोर्सवर्कच्या पहिल्या तासाला फळ्यावर येतं आणि पुढे सिनॉप्सिसच्या प्रस्तावनेतही जाऊन बसतं. मी स्वतः एमएस्सीला असताना हे वाक्य वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

आज या वाक्याबद्दल थोडं कडक बोलायचं आहे. माझ्या तक्रारी दोन. पहिली, ते भाषेच्या दृष्टीने चुकीचं आहे. ही तशी किरकोळ. दुसरी मोठी आहे : संशोधन हे नेमकं काय काम असतं, याबद्दलच ते वाक्य चुकीची कल्पना देतं. त्या कल्पनेची किंमत मी मोजली आहे, आणि मी एकट्याने नाही, एका गावानेही मोजली आहे. ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी शब्दाची विचारपूस करू, कारण ‘संशोधन’ हा शब्द शेजारच्या भाषांत गेला की त्याचा अर्थ इतका बदलतो की आपण तो किती गृहीत धरून वापरतो हे एकदम लक्षात येतं.

‘री’ म्हणजे इथे ‘पुन्हा’ नाही

इंग्रजांनी ‘री’ आणि ‘सर्च’ हे दोन तुकडे जोडून ‘रिसर्च’ हा शब्द बनवलेला नाही. सोळाव्या शतकात तो फ्रेंचमधून तयारच आला. आजच्या फ्रेंचमध्ये त्याचं रूप ‘रशेर्श’ असं आहे. मूळ फ्रेंच क्रियापदात जो ‘री’सारखा उपसर्ग आहे, तो पुनरावृत्ती दाखवत नाही, जोर दाखवतो. म्हणजे ‘पुन्हा शोधणे’ असा अर्थ नसून ‘कसून शोधणे’ असा आहे. आपल्याकडे ‘सम्’ हा उपसर्ग असंच काम करतो. ‘संपूर्ण’मधला ‘सम्’ काही पुन्हा पूर्ण करत नाही, तो पूर्णपणावर जोर देतो.

‘सर्च’चं मूळ लॅटिनमध्ये सापडतं. ‘सिर्कारे’ म्हणजे फिरणे, चक्कर मारणे, आणि त्याच्या मागे ‘सिर्कुस’ म्हणजे वर्तुळ. आपला सर्कल आणि आपली सर्कस त्याच घरातले. पीएचडीच्या चौथ्या वर्षात असणाऱ्या कोणालाही हे नातं समजावून सांगावं लागणार नाही.

परीक्षेत बहुपर्यायी प्रश्न आला आणि ‘पुन्हा शोधणे’ हाच पर्याय अपेक्षित असला, तर खूण करा आणि मार्क घ्या. पण ते वाक्य स्वतःच्या प्रबंधात नेऊ नका.

कोलकात्यातला प्रश्न

दोन वर्षांपूर्वी एका कार्यशाळेसाठी कोलकात्याला गेलो होतो. माझ्या फाईलवर मराठीत ‘संशोधन – वर्ष दुसरे’ असं लिहिलेलं होतं. शेजारी बसलेल्या बंगाली मुलीला देवनागरी वाचता येत होतं. तिने ते वाचलं आणि काळजीने विचारलं, “पहिल्या वर्षी काय चुकलं होतं?”

मला कळेना. मग उलगडा झाला. बंगालीत ‘संशोधन’ म्हणजे चूक दुरुस्त करणे. मुद्रितातली चूक, वागण्यातली चूक, कशातलीही. पश्चिम बंगालमध्ये तुरुंगाचं अधिकृत नाव ‘संशोधनागार’ आहे, म्हणजे सुधारगृह. तिने हे सांगितल्यावर मी म्हणालो, आमच्याकडे तर मुलं पाच पाच वर्षं संशोधन करतात. ती म्हणाली, आमच्याकडेही करतात, पण गुन्हा करावा लागतो.

बंगालीत आपल्या संशोधनाला ‘गवेषणा’ म्हणतात. आणि नुसत्या ‘शोध’ या शब्दाचा बंगाली अर्थ तर आणखी लांबचा : फेड, परतफेड. कर्ज फेडलं की ‘शोध’ झाला. सूड उगवला तरीही ‘शोध’ घेतला. ‘प्रतिशोध’ हा शब्द आपल्यालाही ठाऊक आहे, पण त्यातला ‘शोध’ कुठला, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. तो हिशेब चुकता करण्याचा शोध आहे.

एकच शब्द, शेजारी वेगवेगळे

आता जरा भारतभर फिरून येऊ. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. लिपी वेगळी, उच्चारात थोडा फरक, पण शब्द तोच संस्कृत.

हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, विशेषतः कायद्यातली. आपण ज्याला घटनादुरुस्ती म्हणतो ते हिंदीत ‘संविधान संशोधन’. नेपाळीतही तसंच. त्यामुळे १९७६ सालची ४२वी घटनादुरुस्ती हिंदी पुस्तकात ‘४२वाँ संशोधन’ म्हणून येते. हिंदी माध्यमातून आलेला मित्र ‘संशोधन समिती’ हे शब्द ऐकून कायदा बदलणारी समिती डोळ्यांसमोर आणतो, आपण गाईड आणि दोन परीक्षक डोळ्यांसमोर आणतो.

गुजरातीत ‘संशोधन’ म्हणजे रिसर्चच, आणि कायद्यातल्या दुरुस्तीला ‘सुधारो’. कन्नडमध्ये ‘संशोधने’ म्हणजे रिसर्च. कोकणीतही आपल्यासारखंच. म्हणजे पश्चिम किनाऱ्याच्या या पट्ट्यात संशोधन म्हणजे रिसर्च, आणि उत्तर-पूर्वेला संशोधन म्हणजे दुरुस्ती.

दक्षिणेत आणखी खाली गेलं की उपसर्ग बदलतो. तेलुगूत रिसर्चला ‘परिशोधन’ म्हणतात. तोच शब्द मल्याळममध्ये गेला की तपासणी होतो : सामानाची तपासणी, डॉक्टरांनी केलेली तपासणी. मल्याळममध्ये रिसर्चला बंगालीसारखंच ‘गवेषणम्’ म्हणतात. तमिळमध्ये ‘सोदनै’ हे ‘शोधन’चंच तमिळ रूप आणि त्याचा अर्थ चाचणी, परीक्षा, कसोटी. देवाने पाहिलेली परीक्षा आणि प्रयोगशाळेतली चाचणी, दोन्ही सोदनैच. रिसर्चला मात्र तमिळचा स्वतःचा शब्द आहे, ‘आराय्च्चि’.

गंमत म्हणून एक शेवटचा नमुना. बंगालीत ‘तेल शोधनागार’ म्हणजे रिफायनरी. आपण तिला तेलशुद्धीकरण कारखाना म्हणतो. ‘शोधन’ आणि ‘शुद्धीकरण’ हे शब्द इथे एकमेकांच्या जागी बसले, आणि खरी किल्ली इथेच आहे.

सगळ्यांच्या मागे एकच धातू

‘शोधन’ हा शब्द संस्कृतातल्या ‘शुध्’ धातूपासून आला. शुध् म्हणजे स्वच्छ होणे, शुद्ध होणे. आयुर्वेदात ‘शोधन’ ही उपचाराची एक पद्धत आहे : शरीरातले दोष बाहेर काढणे. रसशास्त्रात पारा औषधात वापरण्याआधी त्याचं शोधन करतात. मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे हा अर्थ मला जवळचा वाटतो. आमचा अर्धा दिवस संयुग बनवण्यात जातो आणि उरलेला दीड दिवस ते शुद्ध करण्यात.

मग ‘शुद्ध करणे’ या शब्दाचा ‘रिसर्च’ कसा झाला? मला त्यातला एक पूल स्पष्ट दिसतो, तो म्हणजे पोथ्या. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची जुनी संस्कृत पुस्तकं ग्रंथालयात मिळाली तर उघडून बघा. मुखपृष्ठावर संपादकाच्या नावापुढे ‘संशोधितम्’ असं छापलेलं आढळेल. म्हणजे या पंडितांनी अनेक हस्तलिखितं समोर ठेवून, नकलाकारांच्या चुका काढून, पाठ शुद्ध केला. पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचं सगळ्यात मोठं कामही याच जातीचं. १९१७ साली स्थापन झालेल्या या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. ते काम १९१९ साली सुरू झालं, १९२५पासून वि. सी. सुकथनकर त्याचे प्रमुख संपादक होते, आणि मूळ महाभारताचं काम १९६६ साली पुरं झालं. शेकडो हस्तलिखितं, श्लोकाश्लोकाची तुलना, कोणता पाठ जुना आणि कोणता नंतर घुसलेला याचा निवाडा. आता सांगा, हे काम बंगाली अर्थाने संशोधन की मराठी अर्थाने? दोन्ही. इथे चूक दुरुस्त करणं हाच रिसर्च आहे.

अगदी असाच योग अरबीत जुळून आला आहे. अरबी ‘तहकीक’ हा शब्द ‘हक्’ म्हणजे सत्य या मुळापासून येतो. आपले हक्क, हकीकत, नाहक हे शब्द त्याच मुळाचे. फारसी आणि उर्दूत ‘तहकीक’ म्हणजे रिसर्च. हिंदीत त्याचंच अनेकवचन ‘तहकीकात’ पोलिसांच्या हातात गेलं. आणि अरबी ग्रंथांच्या मुखपृष्ठावर, जिथे निर्णयसागर ‘संशोधितम्’ छापायचा, तिथे आजही संपादकाच्या नावाआधी ‘तहकीक’ असं छापतात. दोन भाषा, एकमेकींशी नात्यात नसलेल्या, पण पोथी साफ करणाऱ्या माणसाला दोघींनी संशोधकाचंच नाव दिलं.

अनुसंधान, गवेषणा आणि एक सापळा

हिंदीत रिसर्चला ‘शोध’ म्हणतात किंवा ‘अनुसंधान’. इस्रोचं हिंदी नाव ‘भारतीय अंतरिक्ष अनुसंधान संगठन’, आपण मराठीत ‘भारतीय अंतराळ संशोधन संस्था’ म्हणतो. पण मराठीत ‘अनुसंधान’ या शब्दाला वेगळाच सुगंध आहे. नामाचं अनुसंधान ठेवणे, गुरूच्या शब्दांचं अनुसंधान ठेवणे. म्हणजे मनाचा धागा तुटू न देणे. प्रयोगशाळेत रात्री अकराला गॅस क्रोमॅटोग्राफसमोर बसल्यावर मला मराठी अर्थ जास्त पटतो.

‘गवेषणा’बद्दल मात्र सावध राहा. ‘गो’ म्हणजे गाय आणि ‘एषणा’ म्हणजे इच्छा, शोध. शब्दशः गायींची इच्छा, गायींचा शोध. ऋग्वेदात ‘गवेषण’ हे विशेषण लढाईला उत्सुक असलेल्यासाठीही येतं, कारण गायी मिळवायच्या त्या बऱ्याचदा लढूनच. पुढे अर्थ पसरला आणि कशाचाही शोध म्हणजे गवेषणा झाली. मराठीतलं ‘गवसणे’ याच घराण्यातलं : सूर गवसला, संधी गवसली. इथपर्यंत ठीक.

पण भाषणांत पुढची उडी मारली जाते : आपल्याकडे संशोधनाचा शब्दच हरवलेली गाय शोधण्यातून आला, म्हणून आपल्या संस्कृतीत संशोधन हे असं आणि तसं होतं. इथे थांबा. शब्द कुठून निघाला यावरून समाज संशोधन कसं करायचा हे सिद्ध होत नाही. तो पुरावा त्या समाजाच्या कामात शोधावा लागतो. आणि नुसत्या दिसण्यावर गेलात तर आणखी फसाल. ‘आकाशाला गवसणी घालणे’ यातली ‘गवसणी’ म्हणजे खोळ, आवरण. तंबोऱ्याला घालतात ती. ‘गवसणे’शी तिचा आवाज जुळतो, अर्थ जुळत नाही. माझ्या ओळखीच्या एकाने प्रबंधाच्या मनोगतात ‘आकाशाला गवसणी म्हणजे आकाशाचा शोध’ असं लिहिलं होतं. परीक्षकाने बाजूला फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं.

बाहेरच्या भाषा काय म्हणतात

अरबीत रिसर्चला रोजचा शब्द आहे ‘बहस्’. मूळ अर्थ माती उकरणे, खणणे. हाच शब्द उर्दू-हिंदीत ‘बहस’ म्हणून आला आणि वाद, युक्तिवाद झाला. एका भाषेत जमीन उकरणं, दुसरीत माणसाला.

रशियनमध्ये ‘इस्स्लेदोवानिये’. त्यात ‘स्लेद’ आहे, म्हणजे पाऊलखूण. आपल्या ‘मागोवा’ला अगदी जवळचा. जपानीत ‘केन्क्यू’ दोन चिन्हांनी लिहितात. पहिल्याचा अर्थ दगडावर घासणे, दुसऱ्याचा शेवटपर्यंत जाणे. चिनीतही हीच दोन चिन्हं.

जर्मन ‘फोर्शुंग’ तर थेट आपल्या घरी येतो. ‘फोर्शेन’ या क्रियापदाचं मूळ आणि संस्कृत ‘पृच्छति’, ‘प्रश्न’ यांचं मूळ एकच, जुन्या भारोपीय भाषेतलं, अर्थ ‘विचारणे’. तेच ‘पृच्छति’ प्राकृतातून उतरत उतरत मराठीत ‘पुसणे’ झालं. ‘त्याला कोणी पुसत नाही’ मधलं पुसणे, आणि ‘विचारपूस’ मधली पूस. म्हणजे जर्मन शास्त्रज्ञ जे करतो ते आणि शेजारच्या काकू आजारी माणसाच्या घरी येऊन करतात ते, मुळात एकाच शब्दाची दोन रूपं आहेत. फळा पुसण्यातलं ‘पुसणे’ मात्र वेगळ्या धातूचं. पुन्हा तोच धडा, दिसायला जुळे म्हणजे नात्याने जुळे असं नाही.

मग यातून काढायचं काय?

इथे मला स्वतःवरच टीका करायला हवी. वर मी गाईडच्या वाक्याला नावं ठेवली, आणि नंतर स्वतः अर्धा डझन व्युत्पत्ती सांगितल्या. ‘री-सर्च म्हणून पुन्हा शोधणे’ हे चूक असेल, तर ‘शुध् म्हणून शुद्ध करणे’ हे बरोबर कसं?

तर्क म्हणून दोन्ही सारखेच कच्चे आहेत. शब्दाचं मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. ‘सर्कस’ आणि ‘रिसर्च’ नात्यात आहेत म्हणून संशोधनात वाघ येत नाहीत. शब्दाचा आजचा अर्थ आजच्या वापरातून ठरतो. मराठीत संशोधन म्हणजे रिसर्च, आणि एखाद्याने धातूकडे बोट दाखवून ते नाकारलं तर तो चुकतो.

पण अनेक भाषा शेजारी ठेवल्या की एक वेगळा उपयोग होतो. संशोधन हे एक काम नाही, कामांचा गठ्ठा आहे. प्रश्न विचारणे, उकरणे, माग काढणे, धागा न सोडणे, घासणे, वाद घालणे, चूक काढणे. प्रत्येक भाषेने त्यातलं एक काम उचललं आणि सगळ्या गठ्ठ्याला त्याचं नाव दिलं. ही नावं पुरावा म्हणून निकामी, पण यादी म्हणून फार कामाची. आपल्या भाषेच्या नावामुळे आपण कोणतं काम विसरतो, हे त्या यादीवरून दिसतं.

आणि मराठी विद्यार्थी काय विसरतो, हे मला चांगलं माहीत आहे. आपल्या ‘संशोधन’मध्ये आपल्याला ‘शोध’ ऐकू येतो, ‘शुद्ध’ ऐकू येत नाही. त्यात मराठी ‘शोध’ एकटा तीन नोकऱ्या करतो. हरवलेली किल्ली शोधणे हा शोध, गुरुत्वाकर्षणाचा शोध, आणि वाफेच्या इंजिनाचा शोध. इंग्रजीत यांना तीन शब्द आहेत. हिंदीतही खोज आणि आविष्कार वेगळे आहेत. (आपल्या मराठीत ‘आविष्कार’ कलेच्या खात्यात गेला.) परिणाम असा होतो की पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ‘संशोधन’ ऐकतो आणि समजतो, मला काहीतरी शोध लावायचा आहे. नवीन काहीतरी. घरचेही विचारतात, “काय शोध लावलास रे?” त्यात भर म्हणून गाईड सांगतं, पुन्हा पुन्हा शोध. म्हणजे एकदा नाही सापडलं तर परत शोध. आपणच चुकलेलो असू शकतो, याला त्या वाक्यात जागाच नाही.

हातपंपाची गोष्ट

आता ती किंमत. माझं काम विदर्भातल्या भूजलातल्या फ्लोराइडवर आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड थोडं असावं, जास्त झालं की दात आणि पुढे हाडं बिघडतात. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते स्वीकारार्ह, आणि दुसरा पर्यायच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात.

फ्लोराइड मोजायला इलेक्ट्रोड वापरतात. त्याआधी माहीत असलेल्या तीव्रतेची द्रावणं बनवून इलेक्ट्रोडची रेषा काढायची. मूळ द्रावण सोडियम फ्लोराइडचं. लिटरमध्ये १०० मिलिग्रॅम फ्लोराइड हवं असेल तर सोडियम फ्लोराइड २२१ मिलिग्रॅम घ्यावं लागतं, कारण त्या मिठात सोडियमचंही वजन आहे. मी १०० मिलिग्रॅमच घेतलं. एमएस्सीच्या पहिल्या सत्रातल्या मुलानेही करू नये अशी चूक. बाटलीवर लिहिलं १००, आत होतं साधारण ४५.

पुढचं नीट वाचा, कारण मुद्दा इथे आहे. या चुकीच्या बाटलीतूनच मी पुढची सगळी द्रावणं पातळ करून बनवली. त्यामुळे रेषा अगदी सरळ आली. उतार पुस्तकात असतो तसा. एका गावातल्या हातपंपाचं पाणी २.० आलं. मी शिस्तीचा विद्यार्थी, म्हणून पुन्हा मोजलं. २.० आलं. आठवड्याने नवीन नमुना आणून पुन्हा मोजलं. २.० च्या आसपास. रिसर्च म्हणजे पुन्हा पुन्हा शोधणे, आणि मी तीनदा शोधलं होतं. तीनही वेळा बाटली तीच होती.

आकडा आम्ही गावात तोंडी सांगितला. पंपावर लाल रंग मारला गेला. बायका लांबच्या विहिरीवर जाऊ लागल्या.

पाच महिन्यांनी प्रयोगशाळेत आलेल्या ज्युनिअरने स्वतःचं द्रावण नव्याने बनवलं आणि सवयीने माझं जुनं द्रावण त्यावर तपासलं. १ लिहिलेली बाटली ०.४५ दाखवत होती. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, “दादा, माझंच काहीतरी चुकतंय बहुतेक.” मीही आधी तेच म्हणालो. मग वही उघडली, वजनाचा आकडा पाहिला, आणि खाली बसलो. त्या हातपंपाचं खरं फ्लोराइड ०.९ होतं. पाणी पिण्यालायक होतं.

गाईडशी बोललो आणि मी स्वतः गावात गेलो. पंपाजवळ एक आजी होत्या. त्यांना सगळं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “मांगच्या खेपेले बी तुमीच सांगतलं होतं ना बाबू? मंग आता कोनतं खरं समजाचं?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण त्या वेळी तोंडातून निघालं नाही. उत्तर असं होतं : आजी, आता आम्ही आमची बाटली तपासली आहे. दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या मिठाच्या वजनाने. त्यांनी ते मानलं असतं की नाही, सांगता येत नाही. रंग खरवडायला आणखी तीन आठवडे गेले.

तोवर एका परिषदेच्या स्मरणिकेत माझा तक्ता छापून आला होता. आयोजकांना पत्र लिहून दुरुस्ती पाठवली. त्यांचं उत्तर आलं, शुद्धिपत्र छापू. ‘शुद्धिपत्र’ हा शब्द वाचून कोलकात्यातला प्रश्न आठवला. पहिल्या वर्षी काय चुकलं होतं? ही चूक त्यानंतरची, पण प्रश्न तिने बरोबर विचारला होता. कोणत्याही वर्षाच्या फाईलवर तो विचारता येतो.

तुमच्यासाठी

आता तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसाल. पहिलं पान रिकामं असेल आणि गाईडमधलं ते वाक्य हाताशी असेल. त्याऐवजी तीन गोष्टी करून पाहा.

एक. तुमच्या विषयातला मुख्य शब्द घ्या. शेतीतला ‘उत्पादकता’ असो, समाजशास्त्रातला ‘स्थलांतर’ असो. तो इंग्रजीत, हिंदीत आणि तुम्हाला येणाऱ्या आणखी एका भाषेत काय होतो ते बघा. जिथे अर्थ सुटतो, तिथे तुमची व्याख्या कच्ची आहे असं समजा आणि ती लिहून काढा. व्युत्पत्ती द्यायचीच असेल तर कोशात पाहून द्या, आणि तिच्यावरून निष्कर्ष काढू नका.

दोन. पुनरावृत्ती आणि तपासणी यांत फरक करा. तीच बाटली, तीच प्रश्नावली, तोच नमुना वापरून शंभर वेळा केलेलं काम तुमची चूक शंभर वेळा नीट सांभाळून ठेवतं. काहीतरी एक बदललं पाहिजे : माणूस, साधन किंवा पद्धत. ‘पुन्हा’ला तेव्हाच अर्थ येतो.

तीन. वहीत शेवटची चार पानं कोरी सोडा आणि वर लिहा, ‘काय चुकलं होतं’. माझ्या वहीत ती पानं आता दुसऱ्यांदा संपत आली आहेत.

आणि ४२वी घटनादुरुस्ती मी वर उदाहरण म्हणून उगीच घेतली नव्हती. त्याच दुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये राज्यघटनेत आली, आणि त्यांतल्या एकात वैज्ञानिक दृष्टिकोनासोबत शोधक वृत्ती आणि सुधारणेची वृत्ती शेजारी शेजारी ठेवली आहेत. एक मराठी अर्थाचं संशोधन, दुसरं हिंदी-बंगाली अर्थाचं. कोणी जाणूनबुजून ठेवलं असेल असं मी म्हणत नाही. पण परीक्षेत ‘संशोधन म्हणजे काय’ असा दहा मार्कांचा प्रश्न आला, तर मी आता या दोन्ही वृत्तींपासून सुरुवात करेन.